साथीचं गणित शिकवताना: व्हीआर हेडसेट की कागदावरची समीकरणं?

साथीच्या प्रसाराचं गणिती प्रतिमान विद्यापीठात शिकवायचं तर दोन वाटा समोर येतात. एक, व्हीआर (आभासी वास्तव दाखवणारा) हेडसेट घालून आभासी शहरात उतरणं. दुसरी, कागद, स्प्रेडशीट आणि केरमॅक-मॅकेन्ड्रिक या संशोधकांच्या 1927 च्या कामातून आलेलं एसआयआर प्रतिमान, म्हणजे लोकांची लागण होऊ शकणारे, लागण झालेले आणि बरे झालेले अशी विभागणी करून साथीचा हिशेब मांडणारी समीकरणं.

हेडसेटचं बळ खरंच मोठं आहे. गर्दीत कोण कोणाला भेटतं, एकाकडून अनेकांना लागण कशी होते आणि दुसऱ्याकडून कुणालाच कशी होत नाही, हे डोळ्यांसमोर घडतं. एसआयआर सगळे लोक एकसारखे मिसळतात असं धरतं, त्यामुळे हा चढउतार सरासरीत बुडून जातो. पण हेडसेटने काहींना गरगरतं.

समीकरणांतून ‘का’ कळतं. सुरुवातीला एका रुग्णाकडून सरासरी 2 जणांना लागण होत असेल, तर निम्म्या लोकांना लागण झाल्यावर साथ ओसरू लागते. ओसरू लागते, थांबत नाही! आवर घातला नाही तर शेवटी सुमारे 80 टक्के लोक तिच्या कचाट्यात सापडतात. या विषयातला हा मला सर्वांत मोलाचा धडा वाटतो, कारण शिखर उलटलं की सावधगिरी सोडायची घाई होते. स्प्रेडशीटमध्ये संसर्गाचा दर बदलून विद्यार्थी हा धडा स्वतः पडताळू शकतात.

म्हणून माझा कौल समीकरणांना. हेडसेट घ्यायचाच तर आलेख हाताने काढून झाल्यावर घ्यावा. आपलं कोणतं गृहीतक कुठे मोडतं, ते तेव्हाच नेमकं दिसतं.