काळ्या-मूलनिवासी क्वीअर आवाजांवरचं अभ्याससत्र: जावं का?

दलित पँथरने १९७२ मध्ये नाव कुठून घेतलं, बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र का लिहिलं, हे नागपूरच्या वाचकाला नव्याने सांगावं लागत नाही. अमेरिका खंडांत काळे आणि मूलनिवासी (तिथले आदिवासी) अशा दोन्ही घरांत जन्मलेल्या क्वीअर, म्हणजे समलिंगी, ट्रान्स वगैरे माणसांचं म्हणणं मात्र मराठीत सहसा वाचायला मिळत नाही. धरमपेठेतल्या एका छोट्या वाचनालयाचं तीन तासांचं सत्र ही उणीव बरीचशी भरून काढतं.

शुल्क १५० रुपये. त्यात चहा, सहा वाचनपत्रं (वाचायचे छापील कागद, पुढे नुसतं ‘पत्र’), अमेरिका खंडांचा नकाशा आणि सनावळीची लांब पट्टी. नोंदणीच्या फॉर्मवर ‘कोणत्या नावाने हाक मारायची?’ असा रकाना आहे आणि ओळखपत्र कोणी मागत नाही. ट्रान्स मंडळींसाठी ही फार मोठी सोय आहे. जिना मात्र अरुंद आहे आणि लिफ्ट नाही.

सगळ्यात जमलेलं पत्र तिसरं. चेरोकी, चिकासॉ, चॉक्टॉ, क्रीक आणि सेमिनोल या अमेरिकेतल्या पाच मूलनिवासी राष्ट्रांतही काळे गुलाम होते. चेरोकींसोबतच्या १८६६ च्या तहाने मुक्त झालेल्या गुलामांना आणि त्यांच्या वंशजांना त्या राष्ट्रात बरोबरीचे हक्क मिळाले. पुढे १८९८ पासूनच्या डॉज नोंदींत (अमेरिकी सरकारने केलेल्या या राष्ट्रांच्या सदस्ययाद्यांत) त्यांची यादी वेगळी केली गेली आणि त्या यादीत मूलनिवासी रक्ताचं प्रमाण लिहिलंच नाही. आजी चेरोकी असली तरी नाव त्या यादीत गेलं की कागदावर नातं संपलं. २००७ मध्ये चेरोकी मतदारांनी या वंशजांना नागरिकत्वातून वगळलं. २०१७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल न्यायालयाने त्यांचा हक्क मान्य केला आणि २०२१ मध्ये चेरोकींच्याच सर्वोच्च न्यायालयाने घटनेतली रक्ताची अट काढून टाकली. जात पडताळणीसाठी पणजोबाच्या दाखल्यावरची एक नोंद शोधत फिरलेल्या विदर्भातल्या घरांना हे पत्र समजावून द्यावं लागत नाही.

घोटाळा आहे तो क्रमाचा. पहिली दोन पत्रं एकजुटीच्या गोडव्यात जातात, तिसरं चहानंतर येतं आणि जेमतेम वीस मिनिटांत उरकतं. आपल्याच माणसांनी दार लावलेलं आधी कळलं नाही, तर पुढच्या कवितांमधला राग खासगी दुःखासारखा वाचला जातो. तिसरं पत्र सुरुवातीला घेऊन त्याला पन्नास मिनिटं द्यायला हवीत. पहिलं पत्र गाळलं तरी चालेल.

चौथं पत्र सिएटलच्या कवयित्री स्टॉर्म वेबर यांच्यावर आहे. त्या टू-स्पिरिट (मूलनिवासी क्वीअर माणसं स्वतःसाठी वापरतात तो शब्द) आहेत, सुगपियाक (अलास्कातला मूलनिवासी समाज), चॉक्टॉ आणि काळ्या वारशाच्या. सिएटलच्या पायोनियर स्क्वेअर भागात ‘कॅसिनो’ नावाचा समलिंगी लोकांचा जुना बार होता. वेबर यांच्या आई-आजीचं तिथे येणं-जाणं असे. त्याच परिसरात पूर्वी कोस्ट सॅलिश या मूलनिवासी लोकांची वस्ती होती. वेबर यांनी २०१७ च्या प्रदर्शनात घरातले फोटो आणि कविता एकत्र मांडून हा सगळा इतिहास एका जागेवर आणला. एकजूट म्हणजे काय, याचं इतकं ठोस उदाहरण संचात दुसरं नाही. दुर्दैवाने कवितेचं ध्वनिमुद्रण मोबाइलच्या स्पीकरवर ऐकवतात आणि कूलरच्या घरघरीत शेवटच्या रांगेपर्यंत एक ओळ धड पोचत नाही. साधा ब्लूटूथ स्पीकर लावावा, नाहीतर तेवढी पाच मिनिटं कूलर बंद ठेवावा.

पाचवं पत्र ॲलन पेलाएझ लोपेझ या झापोटेक (मेक्सिकोतला मूलनिवासी समाज) वारशाच्या काळ्या कवीचं. मेक्सिकोच्या जनगणनेत आफ्रिकी वंशाच्या लोकांची स्वतंत्र मोजणी २०२० मध्ये पहिल्यांदा झाली आणि आकडा निघाला सुमारे २६ लाख. पत्रात ही माहिती तळटीपेत टाकली आहे, ती वर हवी.

सहावं पत्र नागपूरकडे वळतं आणि तिथेच कमी पडतं. त्यात आंबेडकरी चळवळ आहे, किन्नर समाज आहे, पण बख्त बुलंद शाहाने वसवलेल्या या शहरात गोंड समाजाचा एकही आवाज नाही. दलित आणि आदिवासी अशा दोन्ही घरांतली क्वीअर माणसं विदर्भात आहेत. त्यांना बोलवल्याशिवाय हे पत्र छापायला नको होतं.

तरीही जावं. गट पंधराच्या वर गेला की चर्चा दोघा-तिघांच्याच हातात जाते, म्हणून छोटी तुकडी मागा. तिसरं आणि चौथं पत्र आधीच मागवून घरून वाचून जा, आणि नकाशावर ओक्लाहोमा (चेरोकी राष्ट्र), सिएटल आणि वाहाका (मेक्सिकोतला झापोटेकांचा प्रदेश) पेन्सिलने आधीच खुणवून ठेवा.