दादरचा रविवारचा जावास्क्रिप्ट क्लास: शिकवणं उत्तम, खुर्च्या भिकार

छबिलदास गल्लीच्या जवळ, साड्यांच्या दुकानावरचा हा क्लास. फी १२,५००, दोन हप्त्यांत. मी लोअर परळला टेस्टिंगमध्ये आहे, कोड नीट वाचता यावा म्हणून नाव घातलं. लिहिण्यासारखं आहे ते एकाच सत्राबद्दल. बाकीचा बराचसा अभ्यासक्रम यूट्यूबवर फुकट मिळतो.

त्या दिवशी सरांनी फळ्यावर एवढंच लिहिलं: बिल = वडापाव.भाव = किंमत. (जावास्क्रिप्टला देवनागरी नावं चालतात. मागच्या बाकावरच्या पोरांना पटेना, त्यांनी लगेच कन्सोलमध्ये टाकून पाहिलं.) 'भाव' ही 'वडापाव' या ऑब्जेक्टची प्रॉपर्टी, म्हणजे त्यातला एक कप्पा. तिला सेटर (किंमत ठेवताना आपोआप चालणारं फंक्शन) लावलेला, आलेली रक्कम तो वरच्या पाचाच्या पटीत नेतो. किंमत १८. मग बिल किती? निम्मा वर्ग ओरडला, २०! उत्तर १८. वडापाव.भाव विचारा, २० येतील. पण असाइनमेंटचं (= ने किंमत देण्याचं) उत्तर म्हणजे उजवीकडून जे आलं ते. प्रॉपर्टीत शेवटी काय साठलं हे बघायला कोणी परत जात नाही. 'भाव' सेटर नसलेली साधी प्रॉपर्टी असेल आणि ऑब्जेक्ट फ्रीझ केला (बदलायला बंद केला), तर स्ट्रिक्ट मोड (कडक नियमांचा मोड) नसताना भाव जुनाच राहतो, बिलात मात्र १८ येतातच, आणि एररही नाही. टेस्टरला याहून कामाचं काय हवं? आता मी सेट केल्यावर प्रॉपर्टी पुन्हा वाचूनच टेस्ट पास करते.

मग आली खरी गंमत: ख = क (दोन्ही नावं एकाच ऑब्जेक्टची), आणि खाली क.पुढचा = क = नवा. डावीकडचं क.पुढचा म्हणजे कुठल्या ऑब्जेक्टची प्रॉपर्टी, हे आधी ठरतं, क बदलतो नंतर. म्हणून 'पुढचा' चिकटतो जुन्या ऑब्जेक्टला. ख.पुढचा मध्ये नवा सापडतो, क.पुढचा मात्र अनडिफाइन्ड, म्हणजे तिथे काहीच नाही. सरांनी बाण काढून काढून फळा भरवला, पण शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना समजल्याशिवाय पुसला नाही.

इतर भाषा जाता जाता. रुबीत सेटर मेथड काहीही परत करो, मिळते उजवी बाजूच. कोटलिनमध्ये असाइनमेंट हे एक्स्प्रेशनच (उत्तर देणारा कोड) नाही, त्यामुळे अशी साखळी लिहिताच येत नाही. पायथॉनमध्ये २०१९ च्या ३.८ आवृत्तीपासून वॉलरस (:= हे चिन्ह, किंमत देऊन तीच उत्तर म्हणून देणारं) आहे, पण तो फक्त साध्या नावाला चालतो. टिंब देऊन प्रॉपर्टी लिहिली की सिंटॅक्स एरर. याच वॉलरसच्या वादानंतर पायथॉनचे जनक गिडो व्हान रॉसम २०१८ मध्ये पायथॉनच्या प्रमुखपदावरून बाजूला झाले, हा किस्सा सर फार रंगवून सांगतात.

आता तक्रारी. एसी फक्त पुढच्या दोन रांगांना लागतो. नोट्सच्या झेरॉक्समध्ये कंस दिसत नाहीत, आणि कंसाशिवाय कोड वाचायचा कसा? रिॲक्ट (वेबपेज बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) शेवटी घाईत उरकलं, त्यामुळे तेवढ्यासाठी येणार असाल तर पैसे वाचवा. मध्य रेल्वेवाल्यांनी मेगाब्लॉक बघून बॅच निवडावी. पायथॉनचं जादा सत्र हवं असेल तर चार-पाच जणांनी मिळून मागा, सर नाही म्हणत नाहीत.