शहापूरमध्ये जुन्या एचडी कॅसेट उतरवून देणाऱ्या दुकानाचा अनुभव

आमच्या गल्लीच्या मंडळाने 2008 साली शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचे जे चित्रीकरण करून घेतले होते, त्याच्या सहा मिनीडीव्ही कॅसेट (व्हिडिओ कॅमेऱ्याच्या लहान डिजिटल कॅसेट) इतकी वर्षे आमच्या कपाटात होत्या. त्यात माझे थोरले काका भगवा फेटा बांधून लेझीमच्या पहिल्या रांगेत खेळताना दिसतात, आणि त्यांचे दुसरे कोणतेही चालते-बोलते चित्रण आमच्याकडे उरलेले नाही. दोन वर्षांपूर्वी बेळगावातीलच एका दुकानात मी या कॅसेट दिल्या, तेव्हा दोन कॅसेटची डीव्हीडी मिळाली आणि उरलेल्या चार ‘खराब झाल्या, चित्रच येत नाही’ म्हणून परत आल्या. त्या चारही कॅसेट शाबूत होत्या, हे मला या उन्हाळ्यात बेळगावच्याच शहापूर भागातील एका लहानशा दुकानात समजले. अशा कॅसेट सीमाभागातील अनेक घरांत पडून असतील, म्हणून हा अनुभव थोडा सविस्तर लिहीत आहे.

दुकानाचे मालक साठीच्या आसपासचे आहेत आणि त्यांनी अनेक वर्षे लग्नांचे चित्रीकरण केले आहे. कॅसेट हातात घेताच दर सांगण्याऐवजी त्यांनी शूटिंग कोणत्या कॅमेऱ्यावर झाले ते विचारले. मला ते सांगता येईना, तेव्हा ते म्हणाले, “कॅसेट वरून बघून काय कळत नाही बघा, चालवल्यावरच कळतंय.” मिनीडीव्हीच्या त्याच कॅसेटवर दोन वेगवेगळ्या प्रकारे चित्रीकरण होऊ शकते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. एक म्हणजे साधे डीव्ही, ज्यात आपल्याकडील पाल या टीव्ही पद्धतीनुसार 720 गुणिले 576 पिक्सेलचे चित्र असते. दुसरे 2003 साली आलेले एचडीव्ही, ज्यात त्याच फितीवर 1440 गुणिले 1080 पिक्सेलचे चित्र एमपेग-2 पद्धतीने दाबून बसवलेले असते. साध्या मिनीडीव्ही कॅमेऱ्याला एचडीव्हीची फीत वाचताच येत नाही. माझ्या चार कॅसेट एचडीव्ही होत्या, आणि आधीच्या दुकानात त्या साध्या कॅमेऱ्यात घातल्या गेल्या होत्या, एवढाच त्यांचा दोष.

1440 हा आकडा ऐकून मला हे चित्र अपुरे वाटले, कारण फुल एचडी म्हणजे 1920 गुणिले 1080 असे आपण सर्वत्र वाचतो. त्यावर मालकांनी संगणकावर तेच चित्र दोनदा दाखवले. एकदा पिक्सेल चौरस धरून दाखवले, तेव्हा सगळे लोक उंच आणि किडकिडीत दिसले. मग प्रत्येक पिक्सेल रुंदीला एकतृतीयांशाने ताणून दाखवले, तेव्हा माणसे माणसांसारखी दिसू लागली आणि पडदाही पूर्ण भरला. एचडीव्हीचे पिक्सेल मुळातच आडवे असतात. मी फोरकेमध्ये रूपांतर करून मागितले, तेव्हा त्यांनी शांतपणे नकार दिला. फोरकेच्या एका चौकटीत 82,94,400 पिक्सेल लागतात आणि कॅसेटवर आहेत 15,55,200. उरलेले 67 लाखांहून अधिक पिक्सेल संगणकाने अंदाजाने भरलेले असतील आणि त्यांत काकांच्या चेहऱ्याचा नवा तपशील एकही नसेल, हे त्यांनी कागदावर गणित मांडून दाखवले. पैसे जास्त मिळत असताना असा नकार देणारा व्यावसायिक मला फार महत्त्वाचा वाटतो.

रंगांविषयी त्यांनी जे समजावले ते मला सर्वांत मोलाचे वाटले. जुन्या डीव्हीडीत फेट्याचा भगवा रंग कडेबाहेर ओघळल्यासारखा दिसत होता आणि मी तो कॅमेऱ्याचा दोष समजत होतो. व्हिडिओमध्ये उजेड आणि रंग यांची नोंद वेगवेगळी होते. आपला डोळा उजेडातील बारकावे जितके टिपतो तितके रंगातील टिपत नाही, म्हणून जागा वाचवण्यासाठी रंगाची नोंद विरळ करतात. 4:2:0 या पद्धतीत चार पिक्सेल रुंद आणि दोन ओळी उंच अशा तुकड्यात उजेडाच्या आठ नोंदी असतात, पण प्रत्येक रंगघटकाच्या दोनच. रांगोळीत पांढऱ्या रेषा नेमक्या ओढाव्यात आणि रंग मात्र चिमटीने सैलसर भरावा, तसेच हे आहे. रेषा सुबक असल्या की रंग थोडा इकडेतिकडे गेलेला आपल्याला खटकत नाही. पाल डीव्ही आणि एचडीव्ही दोन्ही 4:2:0 आहेत. त्यामुळे एचडीव्हीच्या चित्रातही रंग प्रत्यक्षात 720 गुणिले 540 इतकाच असतो, पण साध्या डीव्हीतील 360 गुणिले 288 च्या मानाने तो पुष्कळ आहे. रात्रीच्या काळ्या आकाशासमोर भगवा ध्वज आला की हा फरक कडेला स्पष्ट दिसतो. व्यावसायिक कॅमेऱ्यांतील 4:2:2 पद्धतीत रंगाच्या नोंदी याच्या दुप्पट असतात, मात्र चित्रीकरणाच्या वेळी जे नोंदलेच गेले नाही ते नंतर फाइल 4:2:2 मध्ये बदलून परत येत नाही. आधीच्या दुकानाने तर एका पिवळ्या वायरीतून उजेड आणि रंग एकत्र काढून घेतले होते, त्यामुळे होता तो रंगही पसरला.

शहापूरच्या या दुकानात कॅप्चर (फीत संगणकात उतरवून घेणे) फायरवायर या डिजिटल केबलने होते, म्हणजे फितीवरील आकडे जसेच्या तसे संगणकात उतरतात. त्यांच्या सोनी कॅमेऱ्याच्या मेनूत एचडीव्हीचे चित्र बाहेर पाठवताना डीव्हीत बदलण्याची सोय आहे, ती बंद असल्याची खात्री त्यांनी माझ्यासमोर करून घेतली. तासाभराच्या कॅसेटला तासभरच लागतो आणि एचडीव्हीची फाइल साधारण 11 ते 12 जीबीची होते. एका कॅसेटवर आपल्या पावसाळ्यातील ओल्या हवेने बुरशी धरली होती. एचडीव्हीत 12 फ्रेम एकमेकींवर अवलंबून असल्यामुळे फितीवर लहानसा डाग असला तरी चित्र जवळजवळ अर्धा सेकंद थिजते. कॅमेऱ्यातील फीत वाचणारे हेड स्वच्छ करून त्यांनी ती कॅसेट तीनदा चालवली, तरी दोन ठिकाणी चित्र थांबते, आणि ते त्यांनी मला आधीच सांगितले.

तक्रारी दोन आहेत. मोबाइलवर पाहण्यासाठी दिलेली प्रत सेकंदाला 25 फ्रेमची होती. मूळ चित्रीकरण इंटरलेस, म्हणजे सेकंदाला 50 अर्ध्या चित्रांचे असल्याने लेझीमच्या हातांची निम्मी हालचाल त्या प्रतीत गळून गेली. मी दाखवल्यावर त्यांनी 50 फ्रेमची प्रत करून दिली, पण ती पहिल्यांदाच मिळायला हवी होती. तसेच दोन डीव्ही कॅसेट मोठ्या आकारात करताना जुन्या व नव्या टीव्हीच्या रंगमानकांतील फरक सांभाळला गेला नव्हता, त्यामुळे त्यांतील भगवा एचडीव्हीच्या भगव्याशी जुळत नव्हता. तेही दुरुस्त झाले, मात्र त्यासाठी आणखी दोन फेऱ्या पडल्या.

एचडीव्ही कॅसेटला 400 आणि डीव्हीला 250 रुपये घेतात, हार्डडिस्क आपली न्यावी लागते. कॅप्चर केलेली मूळ फाइल आणि पाहण्याची प्रत अशा दोन्ही मागून घ्याव्यात, कारण मूळ फाइल न मागितल्यास ती आठवड्याने पुसली जाते. कॅसेट परत मिळाल्या तेव्हा सहाही फिती सुरुवातीपर्यंत गुंडाळलेल्या होत्या आणि चुकून वर दुसरे काही रेकॉर्ड होऊ नये म्हणून मागची बारीक खिट्टी सर्वांवर ‘सेव्ह’च्या बाजूला सरकवलेली होती.