औलीच्या बर्फाचे पॅकेज घेण्याआधी हे वाचा

सोयाबीनचे पैसे हातात आले आणि दिवाळी सरली, की लातुरात व्हॉट्सअ‍ॅपवर बर्फाच्या सहलींच्या जाहिराती फिरू लागतात. गेल्या हिवाळ्यात अशाच एका ट्रॅव्हल्सवाल्याने आमच्या आणि माझ्या साडूच्या कुटुंबाला फसवले. यंदा तोच मजकूर दुसऱ्या नावाने फिरताना दिसला, म्हणून लिहितो आहे.

जाहिरात उत्तराखंडातल्या औलीची होती. ठिकाण खरे आहे आणि फार देखणे आहे. चमोली जिल्ह्यात, जोशीमठाच्या वर, अडीच ते तीन हजार मीटर उंचीवर स्कीइंगचे उतार आणि समोर ७,८१६ मीटरची नंदादेवी. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडा स्पर्धांतले स्कीइंग इथे झाले होते. गुलमर्ग-मनालीची गर्दी इथे नसते. त्याने नेमके तेच विकले. “सर, तिकडं नुसती जत्रा असती. इथं लेकरं मोकळी खेळतील.” आमच्या लेकरांनी आभाळातून पडणारा बर्फ पाहिलाय तो गारपिटीचा, उभा हरभरा झोडपणारा. त्यांना मऊ, पांढरा बर्फ दाखवावा असे कुणाही आईबापाला वाटतेच, आणि ही माणसे त्याच ओढीवर जगतात.

निवांत ठिकाणाच्या नावाने फसवणे सोपे जाते. गुलमर्ग पाहून आलेला कोणीतरी गल्लीत सापडतो, औलीला जाऊन आलेला सहसा सापडत नाही. त्यात वर हॉटेले मोजकीच, म्हणून “दोनच खोल्या उरल्यात, संध्याकाळपर्यंत पैसे टाका” हे खरेही वाटते.

माणशी चोवीस हजारांत तीन गोष्टी कबूल केल्या होत्या : औलीतच मुक्काम, जोशीमठ ते औली रोपवेचे तिकीट आणि मुलांना स्कीइंगचे प्रशिक्षण. तिन्ही खोट्या निघाल्या.

रोपवेचेच पाहा. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठात जमीन खचू लागली, घरांना तडे गेले, तेव्हापासून तो सुमारे चार किलोमीटरचा रोपवे बंद पडला. आम्ही गेलो तेव्हाही बंदच होता. आमच्या हातात मात्र तारीख-वेळ छापलेली तिकिटे होती. असे तिकीट चुकून तयार होत नाही, ते बसून बनवावे लागते.

हरिद्वारहून जोशीमठ पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग करत घाटाच्या रस्त्याने अख्खा दिवस जातो. त्यानंतर वर औलीला पोचलो, तर हॉटेलवाल्याने रजिस्टरच समोर ठेवले. आमच्या नावाने फक्त चौकशी आली होती, पैसे आले नव्हते. सासूबाईंना धाप लागलेली, लेकरे कुडकुडत होती. ट्रॅव्हल्सवाला आधी “रेंज नाही सर” म्हणत राहिला आणि मग त्याचा फोन बंद झाला. गाडीवाल्यालाही त्याने एकाच बाजूचे भाडे दिले होते. त्या बिचाऱ्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. रात्री खाली जोशीमठात खोल्या मिळाल्या.

स्कीइंगचे अभ्यासक्रम उत्तराखंड सरकारचे गढवाल मंडल विकास निगम चालवते, सात आणि चौदा दिवसांचे. आमच्या कागदावर ‘दोन तासांत प्रमाणपत्र’ होते. निगमच्या कर्मचाऱ्याने तो कागद पाहून सरळ सांगितले, असे काही नसते.

म्हणून पैसे टाकण्याआधी हॉटेलचा नंबर स्वतः शोधून फोन करा. आपल्या नावाने किती रक्कम जमा झाली, रोपवे चालू आहे का, आज उतारावर बर्फ आहे का, हे तिथल्याच माणसाला विचारा. अलीकडे जानेवारीतही उतार कधी कधी कोरडे असतात, तेव्हा ‘बर्फाची गॅरंटी’ देणाऱ्याला तिथेच थांबवा. खाते दुकानाच्या नावाने नसून एखाद्या माणसाच्या नावाने असेल, तर एक रुपयाही पाठवू नका.

पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवा, जितक्या लवकर कराल तितके पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. आमच्या पावतीवर ‘सर्व वाद दिल्लीच्या न्यायकक्षेत’ असे छापले होते. ते वाचून साडू म्हणाले, “सोडून द्या दाजी, दिल्लीला कोण खेटे घालणार?” पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील लावायलाच हवा असेही नाही. मुदत दोन वर्षांची आहे. आम्ही लातुरातच तक्रार दाखल केली आहे.

आमच्याकडचा सगळ्यात भक्कम कागद त्या हॉटेलवाल्याचा आहे. तुमच्यावर अशी वेळ आली तर तिथून निघण्याआधीच ‘या बुकिंगचे पैसे मिळालेले नाहीत’ असे दोन ओळींत लिहून, सही-शिक्का घेऊनच खाली उतरा. घरी परतल्यावर तो कागद मिळवायला फार यातायात पडते.