टर्मिनलमध्ये चित्र दाखवायचंय: सिक्सेल, किटी की अर्धे ठोकळे?

रिमोट सर्व्हरवर आलेख तयार झालाय आणि तो फक्त एकदा नजरेखालून घालायचाय. तेवढ्यासाठी फाइल उतरवून घ्या, व्ह्यूअर उघडा, हा खटाटोप आता करायला नको. चित्र थेट टर्मिनलमध्ये उमटतं. त्यासाठी तीन वाटा आहेत: सिक्सेल, किटी या टर्मिनलचा ग्राफिक्स प्रोटोकॉल आणि साध्या अक्षरचिन्हांतून काढलेलं चित्र. आयटर्म-२ या मॅकवरच्या टर्मिनलची स्वतःची वेगळी पद्धत आहे, चांगली आहे, पण ती मुख्यतः मॅकवाल्यांच्या कामाची.

निवड करण्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. चित्र सर्व्हर काढत नाही, तुमच्या समोरचं टर्मिनल काढतं. सर्व्हरवरचा प्रोग्राम फक्त एस्केप कोड, म्हणजे टर्मिनलला आज्ञा देणारी खास अक्षरं, पाठवतो. त्यामुळे सर्व्हरवर काय इन्स्टॉल आहे यापेक्षा तुमचं टर्मिनल काय ओळखतं आणि मध्ये टीमक्ससारखं (एका टर्मिनलमध्ये अनेक सत्रं चालवणारं) साधन तो कोड गिळतं का, यावर सगळं ठरतं.

सिक्सेल ही १९८०च्या दशकातली, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनची पद्धत. उभ्या सहा ठिपक्यांचा एक स्तंभ म्हणजे एक अक्षर. सहा ठिपके म्हणजे सहा बिट. त्या संख्येत ६३ मिळवले की पाठवायचं अक्षर मिळतं. सगळे ठिपके बंद असतील तर ‘?’, फक्त वरचा चालू असेल तर ‘@’, सहाही चालू असतील तर ‘~’. ‘!40~’ लिहिलं की चाळीस भरीव स्तंभ एका दमात. रचना इतकी साधी आहे की छोटी स्क्रिप्ट लिहून कुणीही चित्र काढू शकतो, आणि मला ती याचसाठी आवडते. अडचण फोटोंची. रंग आधी ठरवून घ्यावे लागतात, बहुतेक ठिकाणी २५६पर्यंत, आणि सहा ठिपके उंचीच्या एका आडव्या पट्टीत जितके रंग तितक्या वेळा त्या पट्टीवरून पुन्हा फिरावं लागतं. आलेख, आकृत्या, क्यूआर कोड सुरेख दिसतात. सूर्यास्ताच्या फोटोत मात्र रंगांच्या पायऱ्या दिसतात आणि डेटाही फुगतो. पण पोहोच मोठी आहे, ही टर्मिनलं ते ओळखतात: फूट, कन्सोल, वेझटर्म, एमएलटर्म आणि १.२२ आवृत्तीपासून विंडोज टर्मिनलसुद्धा. ऑफिसात विंडोज आणि सर्व्हरवर लिनक्स अशी तुमची स्थिती असेल तर फार विचार करू नका, सिक्सेल घ्या.

किटीचा प्रोटोकॉल कॅलिबर हे ई-पुस्तकांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कोविद गोयल यांचा. यात पीएनजी फाइल जशीच्या तशी बेस-६४ करून (म्हणजे साध्या अक्षरांत बदलून), ४०९६ बाइटच्या तुकड्यांत पाठवता येते. रंग पूर्ण, पारदर्शकताही खरी. बेस-६४मुळे आकार एक तृतीयांशाने वाढतो, म्हणजे ३०० केबीचं चित्र ४०० केबीचं होतं. पण ते एकदाच पाठवायचं. त्याला क्रमांक मिळतो, आणि मग त्या क्रमांकावरून तेच चित्र हलवा, दुसरीकडे मांडा, मजकुराच्या मागे सरकवा, पुसून टाका. एडिटरमध्ये मजकूर वर-खाली सरकताना हेच कामाला येतं. सिक्सेलचं चित्र एकदा उमटलं की प्रोग्रामच्या हाती त्याचा धागा उरत नाही. निओव्हिम या एडिटरमध्ये मार्कडाउनच्या ओळींत चित्रं बघायची असतील तर माझं मत स्पष्ट आहे: किटी किंवा घोस्टी हे टर्मिनल घ्या.

टीमक्स वापरणाऱ्यांनी इथे थांबून नीट बघावं. टीमक्स ३.४मध्ये सिक्सेल आलंय, पण ते बिल्ड करताना चालू केलेलं असेल तरच चालतं. किटीचे कोड पलीकडे जाण्यासाठी टीमक्समध्ये पासथ्रू, म्हणजे कोड न अडवता पुढे जाऊ देण्याची सोय, चालू करावा लागतो.

तिसरी वाट ‘▀’ या अर्ध्या ठोकळ्याच्या चिन्हाची. वरच्या अर्ध्या भागाला अक्षराचा रंग, खालच्या अर्ध्याला पार्श्वभूमीचा. एका अक्षराच्या चौकटीत दोन ठिपके, म्हणजे ८० बाय २४च्या खिडकीत ८० बाय ४८चं चित्र. चेहरा ओळखू येतो, आलेखावरचे आकडे वाचता येत नाहीत. पण हे जवळपास सगळीकडे चालतं. चाफा हे साधन टर्मिनल काय ओळखतं ते तपासतं आणि जमेल ती पद्धत स्वतःच निवडतं; इतरांसाठी स्क्रिप्ट लिहीत असाल तर तेच वापरा.

मजकुराच्या रंगांबाबत निवड सोपी आहे. तुमच्या एडिटरला २४ बिटांचे, म्हणजे सुमारे १ कोटी ६७ लाख रंग खुशाल द्या. निओव्हिम ०.१०पासून टर्मिनलची क्षमता स्वतः ओळखतं. जुन्या व्हिममध्ये ‘टर्मगुईकलर्स’ चालू करावं लागतं. पण दुसऱ्यांच्या हाती जाणाऱ्या कमांडच्या आउटपुटमध्ये मूळ १६ रंगांतच राहा. ते १६ रंग वापरणाऱ्याच्या थीममधून येतात. तुमच्या काळ्या पडद्यावर छान दिसणारा फिकट पिवळा एखाद्या इशाऱ्यासाठी तुम्ही २४ बिटांत पक्का करून टाकलात, तर पांढऱ्या पडद्यावर काम करणाऱ्याला तो इशारा दिसणारच नाही. आणि ‘नो-कलर’ (NO_COLOR) व्हेरिएबल लावलेला असेल तर रंग बंद करा; कुणीतरी गरज म्हणूनच तो लावलेला असतो.

मराठीत कमिट मेसेज किंवा नोंदी लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक कसोटी. टर्मिनलचा पडदा चौकटींचा असतो आणि जोडाक्षरं त्या चौकटींत सहज मावत नाहीत. अलॅक्रिटी हे टर्मिनल वेगवान आहे, पण ते चित्रही दाखवत नाही आणि जोडाक्षरंही नीट जुळवत नाही. टर्मिनल कायमचं घेण्याआधी त्यात ‘लक्ष्मी’ आणि ‘कार्यकर्त्यांनी’ हे दोन शब्द टाइप करा, कर्सर मधोमध नेऊन एक अक्षर खोडा आणि ओळ जागेवर राहते का ते बघा.