झेडपीच्या शाळेत घालायचं का? मग फेब्रुवारी ते १ मे या काळात जाऊन बघा

ग्रुपवर दर वर्षी मार्च आला की तोच प्रश्न पडतो, पोराला झेडपीत घालू का तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला पाठवू, आणि उत्तरं देणाऱ्यांतले निम्मे लोक कधी शाळेच्या गेटच्या आत पण गेलेले नसतात. म्हणून आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेचा हा सविस्तर रिव्ह्यू. माझी मुलगी यंदा चौथी झाली आणि धाकटा जूनला पहिलीत जाणार, म्हणजे एक बाहेर पडतीये आणि एक आत चाललाय, त्यामुळे वर्षाच्या शेवटचे सगळे कार्यक्रम मी जवळून बघितले, काहींत कामाला पण होते. शाळेचं नाव लिहीत नाही, सातारा जिल्ह्यात माण-खटावच्या पट्ट्यातली पहिली ते चौथीची शाळा आहे, एक सर आणि एक मॅडम दोघंच, आणि अशा शाळा आपल्याकडं गावोगाव आहेत.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. शाळा कशी आहे ते जूनमध्ये कळत नाही. जूनमध्ये सगळीकडं फुगे, रांगोळ्या, गुलाबाची फुलं आणि बॅनर. पोरांना वर्षभरात काय आलं, शिक्षक पोरांना किती ओळखतात आणि गाव शाळेला आपलं मानतं का नाही, हे सगळं वर्ष संपताना उघडं पडतं.

आमच्याकडं सुरुवात होते ती फेब्रुवारीतल्या बाल आनंद बाजारापासून. पोरांनी घरून नाहीतर रानातून माल आणायचा, मैदानात पोतं अंथरून बसायचं आणि विकायचा. मेथी, कोथिंबीर, शेवगा, चिंचा, बोरं, हरभऱ्याचे डहाळे, उसाची कांडकी, आणि एका कडेला खायचं, भेळ, वडापाव, मटकीची उसळ, ताक. मोठ्यांनी मध्ये बोलायचं नाही असा मॅडमनी नियम केलेला आणि तो पाळतात का नाही बघायला त्या स्वतः फिरत होत्या. तिसरीतला एक मुलगा मेथी घेऊन बसलेला, दहाला जुडी. एक आजी आल्या आणि म्हणाल्या दहाला दोन दे रं. हा म्हणतो, "नाय परवडत आजी, टँकरच्या पाण्यावर आणलीय." आजींनी गुमान एक जुडी घेतली आणि वीसची नोट दिली, याच्याकडं सुट्टे नव्हते, तर त्यानं शेजारच्या पोत्यावरच्या मुलीकडून पाचची दोन नाणी घेतली, आजींना दिली, आणि "तुझे दहा माझ्याकडं" असं मोठ्यांदा म्हणून पाटीवर लिहून पण ठेवलं. मी तिथंच उभी होते. हातचा, उसना, सुट्टे, नफा हे सगळं पुस्तकात वाचून जे येत नाही ते इथं अर्ध्या तासात येतं. आणि खरी गंमत दुसऱ्या दिवशी, सरांनी फळ्यावर प्रत्येकाचं भांडवल, विक्री आणि नफा मांडायला लावला. भेळवाला ग्रुप तोट्यात गेलेला, कारण शेव-फरसाण पाहिजे त्याच्या दुप्पट आणलेलं, तर सरांनी त्यांना रागावायच्या ऐवजी सगळ्या वर्गाला विचारलं की पुढच्या वेळी किती आणाल आणि कसं ठरवाल. नफा मुलांनी घरी न्यायचा, शाळा त्यातला एक रुपया घेत नाही. या एका कार्यक्रमासाठी मी डोळे झाकून पाचपैकी पाच देईन.

मग स्नेहसंमेलन, आमच्याकडं सगळे गॅदरिंगच म्हणतात. मारुतीच्या देवळापुढं स्टेज, सगळा गाव खाली सतरंज्यांवर, मुंबई-पुण्याचे चाकरमानी पण त्या दिवसाला बघून सुट्टी टाकतात. ज्यांनी गावातलं गॅदरिंग बघितलं नाही त्यांना सांगते, इथं गाणं चालू असताना लोक बक्षीस देतात, दहा, वीस, पन्नास, जसं जमेल तसं, आणि माइकवर नाव पुकारलं जातं, अमुक अमुक यांच्याकडून कोळीगीताला ५१ रुपये. नातवाच्या नाचाला आजोबा कमरेच्या पिशवीतून नोट काढतात तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. ते सगळे पैसे शाळेचे. आमच्या शाळेत चांगली गोष्ट ही की आलेली रक्कम दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शनी फळ्यावर लिहिलेली असते, मग पैसे कुठं गेले म्हणून कुणाला कुजबुजायला जागा राहत नाही.

त्या पैशाचं करायचं काय हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठरलं. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे या समितीत पाऊण भाग पालक पाहिजेत आणि निम्म्या बायका पाहिजेत, पण बऱ्याच ठिकाणी बायकांची नुसती सही असते. आमच्याकडं यंदा काही मंडळींना गेटवर कमान पाहिजे होती, नाव टाकायला. बायकांनी लावून धरलं की आधी मुलींच्या स्वच्छतागृहाला पाण्याची लाइन आणि दाराला आतून कडी, कमान नंतर बघू. बरीच खडाजंगी झाली पण शेवटी पाणी आणि कडीच झाली, मी स्वतः जाऊन नळ सोडून बघितला. कुठली पण शाळा बघायला गेलात तर मुलींचं स्वच्छतागृह आधी बघा, इमारतीचा रंग नंतर.

गॅदरिंगबद्दल तक्रारी पण आहेत आणि त्या लिहिल्याच पाहिजेत. एक म्हणजे ड्रेपरी. प्रत्येक गाण्याला भाड्याचे कपडे, आणि ज्यांची दोन-तीन पोरं शाळेत आहेत आणि रोजंदारीवर घर चालतं त्यांना ते जड जातं, कुणी बोलून दाखवत नाही पण पोरगं गाण्यातून नाव मागं घेतं तेव्हा समजायचं. घरचंच धोतर, टोपी, नऊवारी चालेल अशी गाणी निवडा ना, आपल्याकडं भारूड आहे, ओव्या आहेत, शेतकरी नृत्य आहे, काय कमी आहे का. दुसरं, साऊंड. साऊंडवाला आवाज कमी करायला तयारच नसतो, लहान पोरं कान झाकून बसलेली. रात्री दहानंतर स्पीकर बंद हा नियम आहे पण आमचा कार्यक्रम त्याच्या पुढं गेला आणि पहिलीची पोरं त्या चमचमत्या कपड्यांतच आयांच्या मांडीवर झोपून गेली, त्यांचं गाणं शेवटी ठेवलेलं होतं. लहानांची गाणी पहिल्यांदा घ्या, एवढं साधं आहे. गॅदरिंगला पाचपैकी साडेतीन.

आता मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट, ती म्हणजे वार्षिक हस्तलिखित. बाहेरच्यांना हे माहीतच नसतं. पोरांनी वर्षभरात लिहिलेल्या कविता, कोडी, चित्रं, मुलाखती सगळं जाड कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहायचं, कडेनं स्केचपेनची नक्षी, आणि पुठ्ठ्याची बांधणी करून एक जाडजूड पुस्तक. आमच्या शाळेच्या अंकात यंदा चौथीच्या मुलांनी "आमच्या गावच्या बातम्या" म्हणून चार पानं केली होती, प्रत्येकानं आपापल्या आळीत फिरून बातमी आणायची, कुणी सांगितली ते विचारायचं आणि दुसऱ्याला विचारून खात्री करायची. त्यातल्या काही अशा होत्या, सकाळची एसटी बंद झाल्यामुळे हायस्कूलची मुलं चालत जातात. वरच्या आळीत बोअर घेतला पण पाणी लागलं नाही. आमच्या गायीला कालवड झाली, तिच्या कपाळावर चंद्र आहे. एका मुलीनं लिहिलं होतं की दुकानात पेन्सिल पाचाची सहाला झाली, आणि खाली कारण पण, दुकानदार काका म्हणाले गाडीभाडं वाढलं. नऊ-दहा वर्षांची पोरं, खरंच सांगते, मी ती पानं दोनदा वाचली. एसटीची बातमी वाचून तर आमच्या सरपंचांनी डेपोला अर्ज द्यायचं कबूल केलं, गाडी अजून सुरू झालेली नाही, पण ज्यांच्याकडं कुणी विचारायला जात नाही त्यांचं लिहिणं गावानं वाचलं हे मोठं आहे. वाईट एवढंच की प्रत एकच असते. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढून ग्रुपवर टाकले ते पण तिरके. शाळेनं नीट स्कॅन करून पीडीएफ केली पाहिजे, मी हे मॅडमना सांगितलंय आणि स्कॅन करून द्यायला मी तयार आहे.

चौथीचा निरोप समारंभ छोटाच असतो. तिसरीची मुलं यजमान, प्रत्येकाला गुलाब आणि पेन, चौथीकडून शाळेला भिंतीवरचं घड्याळ, जेवायला पुरी-भाजी आणि जिलेबी. भाषणं बहुतेक पाठ केलेली, आदरणीय व्यासपीठ वगैरे, पण एक मुलगी मध्येच विसरली आणि मग सरळ स्वयंपाकाच्या मावशींकडं वळून म्हणाली की मावशी मला वाटाणे आवडतात म्हणून तुम्ही खिचडी वाढताना खालून ढवळून द्यायचा. बाकी सगळ्या भाषणांपेक्षा ते भारी होतं. या कार्यक्रमात सरांनी अजून एक काम केलं, पाचवीपासून मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो त्याला काय काय कागद लागतात ते पालकांना तिथंच बसवून सांगितलं, कारण चौथीनंतर हायस्कूल लांब पडतं आणि मुलीची शाळा सुटायची भीती खरी तिथं असते.

एप्रिलमध्ये शाळापूर्व तयारी मेळावा. हा २०२२ पासून राज्यभर होतो, "पहिले पाऊल" म्हणून, आणि पहिलीला जाणाऱ्या प्रत्येक पोराच्या आईबापानं जावंच असं मी म्हणेन. सात टेबलं मांडलेली असतात, नावनोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक-भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी आणि शेवटचं पालकांना मार्गदर्शन. आमचा धाकटा दोरीवरून चालला, उड्या मारल्या, पण पानांचे गट कर म्हटल्यावर त्यानं लहान-मोठी असे न करता शेळी खाते ती आणि शेळी खात नाही ती असे दोन ढीग केले. दुसऱ्या कुठल्या शाळेत इंटरव्ह्यू असता तर चूक म्हणून पुढं ढकललं असतं, इथं अंगणवाडीच्या ताईंनी त्याला विचारलं का असं केलंस आणि त्यानं सांगितल्यावर त्याच्या विकासपत्रावर बरोबर म्हणून नोंद केली. पास-नापास काही नसतं, कुठं थोडं कमी वाटलं तर सुट्टीत आईनं घरी काय करून घ्यायचं ते सांगतात, वाटाणे-शेंगदाणे निवडायला द्या, चपातीचा गोळा करू द्या, दारावरच्या पाट्या वाचून दाखवा, आणि शेजारपाजारच्या आयांचे गट करून देतात. नापसंत एकच, पाहुण्यांची भाषणं. पोरं उन्हात उभी आणि सत्कार चालूच. नारळ-शाल एका मिनिटात उरका, टेबलं सुरू करा.

परीक्षेबद्दल फार लिहीत नाही. एप्रिलच्या शेवटापर्यंत परीक्षा खेचणं आमच्या भागात चुकीचं आहे, सकाळची शाळा असली तरी दहानंतर पत्र्याच्या खोलीत बसवत नाही आणि त्यात चैत्रातल्या यात्रा, पोरांचं निम्मं लक्ष पाळण्याकडं.

१ मेला झेंडावंदन, राज्यगीत, आणि मग निकाल. प्रगतिपुस्तक हातात आलं की सगळे आधी श्रेणी बघतात, अ-१ आहे का ब-१, पण तुम्ही वर्णनात्मक नोंदी वाचा. शिक्षक पोराला ओळखतात का नाही ते तिथं कळतं. सगळ्यांना एकच "अभ्यासात प्रगती चांगली" असेल तर समजून जा. माझ्या मुलीच्या नोंदीत लिहिलंय, "नवीन आलेल्या मुलांना खेळात घेते, वजाबाकीत हातचा घेताना घाई करते," आणि दोन्ही शंभर टक्के खरं आहे. आमच्याकडं ऊसतोडीवरून मध्येच परत आलेली मुलं असतात, त्यांच्या पुस्तकात पण कोरी जागा नव्हती, ती मुलं किती वाचायला लागली ते वेगळं लिहिलेलं होतं. दोन शिक्षक चार वर्ग सांभाळतात, वर ऑनलाइन माहिती भरायची कामं, त्यात एवढं करणं सोपं नाही. तिसरा शिक्षक मिळायलाच पाहिजे, त्यासाठी आम्ही पालकांनी अर्ज दिलेला आहे.

ज्यांना प्रवेश घ्यायचाय त्यांच्यासाठी, पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण पाहिजेत. जन्माचा दाखला आणि आधार घेऊन जा, दाखला नसला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, कायद्यातच तसं आहे. फी नाही, पुस्तकं आणि गणवेश शाळेतून मिळतो, दुपारचं जेवण असतं. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात उन्हामुळं महिन्याच्या शेवटी. मेळाव्याचा दुसरा टप्पा शाळा उघडताना असतो, एप्रिलचा हुकला असेल तर त्याला तरी जा, आणि पोराला बरोबर घेऊनच जा, सात टेबलं त्याच्यासाठी मांडलेली असतात.