जर्मन शब्द पाठ करायला वही, डबा की अँकी अ‍ॅप?

ए-वनच्या, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पातळीच्या यादीत साधारण 650 शब्द आहेत, ते डोक्यात कसे बसवायचे हे ठरत नसेल तर वाचा, मी तिन्ही करून झालोय.

वहीत पहिले दोन महिने डावीकडे जर्मन उजवीकडे मराठी असं लिहून काढलं, शाळेत शब्दार्थ लिहायचो तसं, वाचताना वाटायचं सगळं येतंय, पण उजवी बाजू हाताने झाकली की अर्धे गायब. वर ते ओळीनेच आठवतात, मधला एखादा एकटा भेटला की बोंब. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की विसरणं सुरुवातीलाच सगळ्यात जोरात होतं आणि अंतर टाकून उजळणी केली की कमी मेहनतीत राहतं. वहीत ते अंतर आपणच सांभाळायचं, म्हणजे कोणीच नाही सांभाळत.

अँकी म्हणजे एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ अशा कार्डांचं अ‍ॅप, ते हे अंतर स्वतः ठरवतं. अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर पैसे मोजावे लागतात. ठाणे-वाशी ट्रान्सहार्बरला अर्धा तास मिळतो, एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पन्नासेक कार्ड आरामात होतात. फक्त चार दिवस गॅप पडला (माझा गणपतीत पडला) की साचलेली कार्ड बघून अ‍ॅप उघडावंसंच वाटत नाही, आणि दुसऱ्याचा तयार डेक (कार्डांचा गठ्ठा) घेतला तर शब्द परकेच राहतात, स्वतः बनवा.

लाइटनरचा डबा म्हणजे हेच पण कागदावर, बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. लोकलमध्ये विसरा, घरीच. पण डेर-डी-दासला (जर्मन नामाआधी लिंगाप्रमाणे लागणारे शब्द) मला हाच लागू पडला, तीन रंगांची कार्ड केली, निळा डेर, लाल डी, हिरवा दास. आपल्याकडेही तो-ती-ते आहे म्हणून सोपं जाईल असं वाटतं आणि तिथेच फसतो, चमचा तो आणि डेर लॉफेल जुळलं, पण काटा तो तर डी गाबेल, सुरी ती तर दास मेसर!

कितीही घोकून न बसणाऱ्या शब्दांना काहीतरी जुगाड चित्र जोडा, ट्यूर म्हणजे दार, मी दारात तूर वाळत घातली, आता विसरत नाही. सगळ्या 650 ना असं करायला गेलात तर मात्र वेडे व्हाल.

रोज लोकल असेल तर अँकी घ्या, दहाच नवीन शब्द ठेवा. घरून काम असेल तर डबा, बुटांचं खोकं पुरतं. वही फक्त वाक्यं लिहायला.